नुकसान भरून काढण्याचं शिक्षण

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा मुलगा अठरा वर्षांच्या आतला होता. बाल न्याय मंडळाकडून त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला. त्यासोबतच्या अटींत रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणं आणि १५ दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करणं यांचा समावेश होता. ही बातमी पसरली तसा राज्यभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. दोन घरांतली तरणीताठी माणसं गेली आणि त्यावर निबंधाचा उतारा निघाला, हे कुणाच्याही पचनी पडणं शक्य नव्हतं. २२ मे रोजी आदेश बदलला आणि मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली.

त्या अटी जामिनाच्या होत्या, चौकशीअंती दिलेला तो निकाल नव्हता, हा फरक गदारोळात कुणाच्या लक्षात राहिला नाही. शिवाय त्या दिवसांत एक समज लोकांच्या मनात घट्ट बसला, की अल्पवयीन मुलाला समाजसेवा करायला लावणं म्हणजे त्याला मोकळं सोडणं. हा समज खोडून काढावा असं मला मनापासून वाटतं. नीट आखलेली समाजसेवा ही मुलासाठी सोपी सुटका नसते. तिचा ज्याचं नुकसान झालं त्या माणसाशी संबंध असावा लागतो, मुलाला तिच्यातून काही शिकता यावं लागतं आणि शेवटपर्यंत कुणाचं तरी तिच्यावर लक्ष असावं लागतं. यातलं एक जरी सुटलं, तरी उरतो तो निबंध. ही गोष्ट प्रत्यक्षात कशी चालते, जगात कुठे चालली, आपल्या कायद्यात तिला कुठे जागा आहे आणि ती कुठे वापरू नये, हे आता क्रमाने पाहू.

प्रश्न बदलला की न्याय बदलतो

गुन्हा घडला की आपली व्यवस्था तीन गोष्टी विचारते. कोणता कायदा मोडला? कोणी मोडला? त्याला शिक्षा काय? या तिन्ही प्रश्नांत ज्याचं नुकसान झालं तो माणूस कुठेच नाही. तो फिर्यादी होतो, मग साक्षीदार होतो, तारखांना हजर राहतो आणि खटला संपला की घरी जातो. त्याच्या मनात घोळणारा ‘माझ्याच घरावर दगड का पडला?’ हा प्रश्न कुणी विचारतही नाही आणि त्याचं उत्तरही कुणी देत नाही.

अमेरिकेतले अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी १९९० साली आलेल्या आपल्या पुस्तकात वेगळी दृष्टी मांडली. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: कोणाला इजा झाली? त्याला आता कशाची गरज आहे? ती गरज भागवण्याची जबाबदारी कोणावर येते? या विचाराला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. इथे गुन्हा म्हणजे कलमाचा भंग एवढंच धरत नाहीत. माणसामाणसांतलं नातं आणि वस्तीतला विश्वास तुटला, असं त्याकडे पाहतात. म्हणून ज्याने ते तोडलं त्याने ते सांधण्यात प्रत्यक्ष हात घातला पाहिजे, अशी अपेक्षा असते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. कोठडीत किंवा संस्थेत मूल बरंचसं निष्क्रिय असतं. त्याच्या बाजूने वकील बोलतो, त्याचं काय करायचं ते अधिकारी ठरवतात, आणि त्याने फक्त दिवस काढायचे असतात. केलेल्या कृत्याला स्वतः सामोरं जाण्याची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. पुनर्स्थापक पद्धतीत त्याला बोलावं लागतं, ऐकावं लागतं, शब्द द्यावा लागतो आणि तो पाळावा लागतो. मुलाचं सक्षमीकरण म्हणतात ते इथून सुरू होतं, कारण आपल्या हातून बिघडलेलं आपल्याच हातून सावरता येतं हा अनुभव त्याला पहिल्यांदा मिळतो.

एल्माइरातली बावीस दारं

या पद्धतीची आधुनिक सुरुवात कॅनडातल्या एल्माइरा या छोट्या गावापासून सांगितली जाते. १९७४ च्या मे महिन्यात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत गावातल्या बावीस ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्यांच्या काचा फोडल्या. दोघांनी गुन्हा कबूल केला. मार्क यांत्झी नावाचे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी त्यांचा अहवाल तयार करत होते. या दोघांनी ज्यांचं नुकसान केलं त्यांना समोरासमोर भेटावं, असं त्यांनी न्यायालयाला सुचवलं. हे कायद्यात कसं बसवायचं असा प्रश्न न्यायाधीशांना आधी पडला, पण अखेर त्यांनी परवानगी दिली.

मग दोघे तरुण एकेक दार ठोठावत गेले. यांत्झी आणि त्यांचे सहकारी डेव्ह वर्थ वही घेऊन मागे उभे राहत. बोलायचं मुलांनीच. मी अमुक, त्या रात्री तुमची काच मी फोडली, तुमचं किती नुकसान झालं? कुणी रागावलं, कुणी खर्चाचा हिशेब मांडला, कुणी आपण तेव्हापासून किती घाबरून आहोत ते सांगितलं. विम्यातून न भरलेलं नुकसान दोघांनी भरून देण्याचं ठरलं, आणि काही महिन्यांनी ते त्याच दारांवर पैसे घेऊन परत गेले. त्या दोघांपैकी एक जण पुढे अशाच भेटी घडवून आणणाऱ्या स्थानिक संस्थेत स्वयंसेवक झाला.

पैसे देऊन टाकणं हा यातला सोपा भाग होता. दार उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवणं अवघड होतं. दंडाची पावती फाडून हे साधलं नसतं.

न्यूझीलंडमधली कुटुंब बैठक

एका गावातल्या प्रयोगाचं देशव्यापी व्यवस्थेत रूपांतर न्यूझीलंडने केलं. ऐंशीच्या दशकात तिथल्या सरकारी संस्थांमध्ये मूळनिवासी माओरी मुलांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठी होती. घरापासून, आजी-आजोबांपासून, आपल्या भाषेपासून तोडलेली ही मुलं संस्थेतून बाहेर पडत ती अधिक बिथरून. जॉन रंगीहाउ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने यावर स्पष्ट बोट ठेवलं आणि मुलांबाबतचे निर्णय विस्तारित कुटुंबाकडे यावेत असं सुचवलं. १९८९ साली नवा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. किरकोळ प्रकरणं पोलिसांचं बालपथक ताकीद देऊन किंवा छोट्या योजना आखून तिथल्या तिथे मिटवतं. त्याहून गंभीर प्रकरणांत कुटुंब बैठक घ्यावीच लागते. खून आणि सदोष मनुष्यवध यांना मात्र ही वाट नाही.

बैठक बोलावण्याचं काम समन्वयकाचं असतं. तो आधी मुलाच्या घरी जातो आणि आई-वडील, मामा-काका, आजी यांपैकी कोण यायला हवं ते ठरवतो. ज्याचं नुकसान झालं त्यालाही भेटतो आणि काय होणार आहे ते समजावून सांगतो. यायचं की नाही हे त्या माणसाने ठरवायचं. तो सोबत आधाराला कुणाला आणू शकतो, स्वतः न येता आपलं म्हणणं लिहूनही पाठवू शकतो. खोलीत यांच्याशिवाय पोलिसांचा बालपथक अधिकारी असतो, आणि प्रकरण न्यायालयात गेलेलं असेल तर मुलाचा वकीलही.

बैठकीची सुरुवात अनेकदा माओरी प्रार्थनेने होते. सगळे आपली ओळख करून देतात. मग पोलीस अधिकारी काय घडलं त्याचा सारांश वाचतो आणि मुलाला विचारलं जातं, हे खरं आहे का? त्याने नाकारलं, तर बैठक पुढे सरकत नाही आणि आरोप सिद्ध करण्याचं काम न्यायालयाकडे जातं. ही पायरी फार महत्त्वाची आहे. जे केलंच नाही त्याची माफी कुणाकडून वदवून घ्यायची नाही, हा या पद्धतीचा पाया आहे.

मुलाने मान्य केलं की नुकसान झालेला माणूस बोलतो. दुकान फोडल्यावर पुढचे दिवस कसे गेले, घरातलं लहान मूल कशाने दचकतं, विम्याने काय दिलं आणि काय दिलं नाही, हे सगळं तो सांगतो. हे ऐकताना मुलाची आजी शेजारी बसलेली असते. तिच्या देखत हे ऐकावं लागणं कुठल्याही न्यायाधीशाच्या कानउघाडणीहून जड जातं.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. अधिकारी, वकील आणि नुकसान झालेली मंडळी खोलीबाहेर जातात आणि कुटुंब एकटं बसतं. मुलाला वाऱ्यावर सोडायचं नाही आणि पाठीशीही घालायचं नाही, मग आपण काय करणार, हे घरच्यांनीच ठरवायचं. काका म्हणतो, याला मी रोज कामाला माझ्याबरोबर नेतो. आई म्हणते, रात्री नऊनंतर बाहेर नाही. मुलगा स्वतः काय करणार ते सांगतो. मग सगळे पुन्हा एकत्र येतात, योजना मांडली जाते, तिच्यावर घासाघीस होते आणि सर्वांनी मान्य केली की ती लिहिली जाते. तिच्यात सहसा माफी, भरपाई, समाजोपयोगी कामाचे तास, शाळेत परत जाणं किंवा व्यसनावर उपचार अशा गोष्टी असतात. कोण कशावर देखरेख ठेवणार आणि कधीपर्यंत, हेही लिहिलेलं असतं. मुलाने योजना पुरी केली, तर आरोप ठेवलाच गेला नव्हता अशा अर्थाची मुक्तता न्यायालय देऊ शकतं.

२००८ पासून तिथे माओरींच्या पारंपरिक सभास्थानी भरणारी युवा न्यायालयंही सुरू झाली. आपल्या योजनेवर देखरेख व्हावी म्हणून मुलगा न्यायाधीशांबरोबरच जमातीतल्या वडीलधाऱ्यांपुढेही उभा राहतो आणि आपली वंशपरंपरा सांगत स्वतःची ओळख करून देतो. आपण कुणाचे कोण हे कळलेल्या मुलाला आपण कुणाची मान खाली घालतो हेही कळतं.

या व्यवस्थेत उणिवाही आहेत. सुरुवातीच्या वर्षांत गॅब्रिएल मॅक्सवेल आणि ॲलिसन मॉरिस यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की नुकसान झालेली माणसं अनेक बैठकांना येतच नव्हती आणि आलेल्यांपैकी काहींना नंतर आधीपेक्षाही वाईट वाटलं होतं. पूर्वतयारी घाईत उरकली की असं होतं. माओरी मुलांचं प्रमाण आजही जास्तच आहे. तरीही संस्थांमध्ये डांबलेल्या मुलांची संख्या नव्या कायद्यानंतर झपाट्याने खाली आली, हे निर्विवाद आहे.

आपला कायदा काय म्हणतो

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ सालीच झाला होता. आज देशभर लागू आहे तो २०१५ चा बाल न्याय कायदा. कायद्याच्या भाषेत गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला आरोपी म्हणत नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्या माणसांच्या साथीने केलेला असेल, तरच प्रथम खबर नोंदवायची. एरवी ठाण्याच्या डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असं २०१६ चे आदर्श नियम सांगतात.

मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला. परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरी, शाळेत, वस्तीत जाऊन दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. चौकशी साधारण चार महिन्यांत संपवायची असते.

मुलाच्या हातून कृत्य घडलं असं ठरलं, की कलम १८ लागू होतं. त्यात मंडळापुढे पर्यायांची पायरीपायरीने वाढत जाणारी यादी आहे. समज देऊन आणि समुपदेशन करून घरी सोडणं, गटसमुपदेशन आणि तशाच उपक्रमांत सहभागी करणं, एखाद्या संस्थेच्या किंवा व्यक्तीच्या देखरेखीखाली समाजसेवा करायला लावणं, मुलाला किंवा पालकांना दंड करणं, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, आणि अगदी शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं पाठवणं. संस्थेत ठेवणं हा शेवटचाच उपाय असावा, असं तत्त्व कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर मात्र प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर मोठ्यांप्रमाणे खटला चालवण्याची वाट आहे.

समाजसेवा म्हणजे काय, तेही नियमांत आहे. चौदा वर्षांवरील मुलाने करायची ही सेवा आहे, आणि उदाहरणं दिली आहेत ती अशी: बागेची निगा राखणं, वृद्धांची सेवा, स्थानिक रुग्णालयात मदत, दिव्यांग मुलांसाठी काम, वाहतूक स्वयंसेवक म्हणून उभं राहणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी मोठ्या माणसांनाही सामुदायिक सेवेची शिक्षा ठेवली आहे. म्हणजे येत्या काळात ही सेवा आपल्याकडे वाढत जाणार. ती कशी करून घ्यायची, याचा विचार आत्ताच झाला पाहिजे.

नुकसान झालेला माणूस आणि मुलगा यांच्या बैठकीची पद्धत कायद्याने आखून दिलेली नाही. पण ‘गटसमुपदेशन आणि तशाच उपक्रमां’त आणि मुलांना शक्यतो न्यायालयीन कारवाईबाहेर ठेवावं या तत्त्वात तिला जागा आहे, असं माझं मत आहे. मंडळाच्या संमतीने आणि प्रशिक्षित समुपदेशकाच्या हातून ती व्हायला हवी.

रिक्षाची काच: एक कल्पित प्रकरण

हे सगळं आपल्या मातीत कसं दिसेल, यासाठी एक प्रकरण कल्पनेने उभं करू. शहरातल्या एका वस्तीत रात्री उभ्या केलेल्या चार रिक्षांच्या काचा फुटल्या, टप फाडले गेले. दोन मुलं सापडली, एक पंधरा वर्षांचा, एक सोळाचा. दोघांनीही मान्य केलं. कारण विचारलं तर म्हणाले, असंच, आपली हवा झाली पाहिजे म्हणून.

पहिली पायरी वेगवेगळ्या भेटींची. समुपदेशक ताई दोन्ही मुलांना स्वतंत्रपणे भेटतात. काय झालं? तेव्हा मनात काय होतं? नंतर काय वाटलं? कुणाकुणाला झळ बसली असेल? पहिल्यांदा उत्तर येतं, रिक्षावाल्याला. खोदून विचारल्यावरही यादी दोन नावांच्या पुढे जात नाही. मग ताई त्या चौघांपैकी एका रिक्षावाल्या काकांना भेटतात. ते आधी म्हणतात, मला त्यांचं तोंडही बघायचं नाही. ताई जोर करत नाहीत. आठवड्याने काका स्वतः फोन करतात, येतो म्हणून.

दुसरी पायरी बैठकीची. काका बोलायला लागतात आणि मुलांची दोन नावांची यादी वाढत जाते. काच आणि टप बसेपर्यंत गाडी गॅरेजला उभी होती, तेवढे दिवस धंदा बंद. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता चुकला. रोज सकाळी ज्या शाळकरी मुलांना ते सोडतात, त्यांच्या आया धावपळ करून दुसरी रिक्षा शोधत होत्या. आणि अजूनही रात्री दोनदा उठून ते खिडकीतून गाडीकडे बघतात. कोपऱ्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे, तिथे अंधार असतो. सोळा वर्षांचा मुलगा मान वर करत नाही. त्याचे वडील हातगाडी लावतात. हप्ता चुकणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नसते.

ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार इथे लागू पडतो. लाज दोन प्रकारे वाटायला लावता येते. ‘तू वाईट आहेस’ म्हटलं की मूल वाईटांच्या टोळीत जाऊन बसतं, तिथे त्याला मान मिळतो. ‘तू केलंस ते वाईट आहे आणि तू आमचा आहेस’ म्हटलं की परत यायला दार उघडं राहतं. म्हणून बैठकीत शिव्याशाप नाहीत, आणि ‘जाऊ द्या, लहान आहेत’ असं पांघरूणही नाही.

तिसरी पायरी करार. भरपाईचा काही भाग दोन्ही घरं हप्त्याने देणार. मुलं स्वतः माफी मागणार. आणि समाजसेवा? इथेच आपल्याकडे सगळ्यांत जास्त चूक होते. कुठल्यातरी कार्यालयात झाडू मारा, सही घ्या, संपलं. त्यातून मूल एकच शिकतं, सही कशी मिळवायची. काम निवडताना विचारायचं, की ज्याचं नुकसान झालं त्याच्या गरजेशी हे जुळतं का? काकांची गरज उघड आहे: गाडी निर्धास्तपणे लावता यावी. म्हणून मुलांनी ठरवलं, रिक्षा लावतात तो कोपरा आपण नीट करायचा. आठ रविवार, दर वेळी चार तास, वस्तीतल्या वाचनालयाच्या देखरेखीखाली.

पहिले दोन रविवार राडारोडा उचलण्यात आणि झुडपं काढण्यात जातात. मग प्रश्न येतो दिव्याचा. दिवा मुलांनी लावायचा नाही, पण तो कसा लागतो हे त्यांनी शोधायचं. वाचनालयातले सर त्यांना अर्ज लिहायला बसवतात. पहिल्या मसुद्यात खांबाचा क्रमांकच नसतो, म्हणून खांबापाशी जाऊन तो टिपून आणावा लागतो. आठवड्यातल्या एका दुपारी सरांबरोबर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आवक-जावक खिडकीवर अर्ज द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा, विद्युत विभागाचा कनिष्ठ अभियंता कोण ते विचारायचं. दहा दिवस काही हलत नाही. मग स्मरणपत्र. दगडाने काच फोडायला एक क्षण पुरतो, दिवा लावून घ्यायला दोन महिने लागतात, आणि ते दोन महिने कसे रेटायचे हे शिकलेला मुलगा वस्तीच्या उपयोगी पडतो. आपली हवा व्हावी असं त्याला वाटत होतं. ती अशीही होते.

चौथी पायरी चिंतनाची. सेवेतून शिक्षण व्हायचं असेल, तर दर रविवारी शेवटचा अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा लागतो. आज काय केलं? काय अडलं? कुणाशी बोलावं लागलं? आपण केलेल्या नुकसानाबद्दल आज काही नवं कळलं का? मुलाला लिहिता येत असेल तर वहीत लिहू द्यावं, नसेल तर बोलू द्यावं. सरांनी उपदेश करायचा नाही, फक्त विचारायचं. पहिल्या रविवारी एका वाक्यात संपणारं उत्तर शेवटी शेवटी पाच मिनिटं चालतं.

पाचवी पायरी समारोपाची. देखरेख करणारा अहवाल देतो, परिविक्षा अधिकारी तो मंडळापुढे ठेवतो. शक्य असेल तर काकांना पुन्हा बोलावून झालेलं काम दाखवावं. कायद्याच्या कलम २४ नुसार अशा मुलाला पुढे नोकरी-शिक्षणात या प्रकरणामुळे अपात्र ठरवता येत नाही. त्याला नवी सुरुवात करू द्यायची, असं कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो. पायऱ्या पुऱ्या झाल्यावर त्याला सतत ‘तो रिक्षावाला किस्सा’ ऐकवत राहणं, हा त्या कायद्याचा अवमान आहे.

हे कुठे फसतं, कुठे लागूच नाही

पहिला धोका तमाशाचा. गळ्यात पाटी अडकवून झाडू मारायला लावणं, मुलाचं चित्रीकरण करून ते मोबाइलवर फिरवणं, याला सेवा म्हणत नाहीत. अशा मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ने मनाई आहे आणि ती मोडणं हा गुन्हा आहे. म्हणूनच वरच्या कल्पित प्रकरणात मुलं वाचनालयाचे स्वयंसेवक म्हणून काम करतात. वस्तीला त्याहून जास्त सांगण्याचं कारण नाही.

दुसरा धोका पैशाचा. श्रीमंत घरातल्या मुलाच्या वतीने वडिलांनी भरपाई एका दमात टाकली आणि माफीचा कागद वकिलाने लिहिला, तर मुलगा शिकला ते एवढंच, की प्रकरणं मिटवता येतात. भरपाई घरच्यांनी दिली तरी वेळ आणि श्रम मुलाचेच जायला हवेत.

तिसरा धोका दबावाचा, आणि आपल्या समाजात तो सर्वांत मोठा आहे. नुकसान झालेलं कुटुंब दलित असेल, कूळ असेल, त्याच मालकाच्या शेतावर मजुरीला जाणारं असेल, तर ‘समोरासमोर बसून मिटवा’ या म्हणण्यात जबरदस्ती लपलेली असते. गावकीच्या बैठकीत दुबळ्याला गप्प बसवलं जातं, हा आपला जुना अनुभव आहे. लैंगिक अत्याचार, जातीय अत्याचार, घरातली हिंसा यांत अशी बैठक ‘तडजोड’ या नावाने लादली जाऊ नये. जीव गेलेल्या प्रकरणातही सुरुवात समाजसेवेपासून होऊ शकत नाही. तिथे आधी सत्य बाहेर यावं, कायद्याने पूर्ण चौकशी करावी, आणि गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी पुढे कधी स्वतःहून भेट मागितली, तरच या वाटेचा विचार व्हावा.

काम कोण देणार?

या सगळ्या पायऱ्या मंडळाला एकट्याने चढता येणार नाहीत. मंडळ आदेश देतं. पण मुलाला काम देणारं, त्याच्याबरोबर बसणारं माणूस समाजातून यावं लागतं. ते नसेल, तर मंडळापुढे दोनच वाटा उरतात: नावापुरती अट किंवा संस्था.

शिकत शिकत सेवा करण्याची चौकट आपल्याकडे तयार आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहतो. महाराष्ट्रातल्या हजारो प्राध्यापकांना कार्यक्रम अधिकारी म्हणून या कामाचा अनुभव आहे. गाव कसं निवडायचं, सरपंचांशी कसं बोलायचं, मुलांकडून रोजनिशी कशी लिहून घ्यायची, हे त्यांना ठाऊक असतं. नेमकं हेच कौशल्य बाल न्याय मंडळाला हवं आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशा महाविद्यालयांची, वाचनालयांची, रुग्णालयांची, वृद्धाश्रमांची यादी करून मंडळाला दिली, आणि देखरेख करणाऱ्यांना दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, तर नवा पैसा फारसा लागणार नाही.

शाळांना तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधीच हे करता येईल. बाक मोडला, कुणाला चिडवून रडवलं, भिंतीवर नाव लिहिलं, की दाखला हातात देण्याऐवजी वर्गशिक्षकांनी तेच प्रश्न विचारावेत: कुणाला त्रास झाला, त्याला काय हवंय, तू काय करणार? बाक दुरुस्त करताना शिपाईमामांच्या हाताखाली उभा राहिलेला मुलगा पुढचा बाक मोडताना दहादा विचार करेल.

तुमच्या हाताशी एखादी संस्था, मंडळ, वाचनालय किंवा नुसते मोकळे रविवार असतील, तर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा आणि एका मुलाला काम देण्याची, त्याच्याबरोबर आठवड्याला अर्धा तास बसण्याची तयारी लेखी कळवा. समाजसेवेच्या आदेशात ‘कोणाच्या देखरेखीखाली’ हे लिहावंच लागतं. तिथे लिहायला विश्वासाची नावं असली, तर मंडळालाही मुलाला परत उभं करणारा आदेश देण्याचं धैर्य येईल.